सासूबाईंच्या जिभेचा फोटो

मी माझ्या सासूबाईंना जीभ बाहेर काढायला सांगितली. तीही भर जेवणाच्या टेबलावर, वाढून झालेलं असताना.

कारण शास्त्रीय होतं. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या ज्या संस्थेत मी कॅमेरे सांभाळतो, तिथे जिभेचा फोटो काढून तिचा रंग मोजतात. चिनी वैद्यकात जीभ बघून निदान करतात. वैद्याच्या नजरेला आमच्या मोजमापाचा आधार, एवढंच. त्यासाठी संस्थेत पांढऱ्या दिव्याचा एक बंद खोका आहे, रुग्णाने त्यात तोंड घालायचं. तो खोका ट्राममधून आणणं जिवावर आलं, म्हणून मी नुसता कॅमेरा घरी आणला. दिवा काय, आमच्या स्वयंपाकघरातही होता. छान पिवळाधमक.

"जावयाला जीभ दाखवू?" सासूबाई म्हणाल्या. पुण्याहून त्या उन्हाळाभर राहायला म्हणून नुकत्याच आल्या होत्या. "अहो, एवढ्या संसारात आमच्या ह्यांनासुद्धा कधी दाखवली नाही!"

पण उत्सुकता त्यांनाही होती. डोळे घट्ट मिटून त्यांनी जीभ काढली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर निकाल आला: जाड पिवळा थर. म्हणजे चिनी हिशेबाने पोटात ओलसर उष्णता. मी तो अशा थाटात वाचून दाखवला, जसा काही मीच पिढीजात वैद्य.

"ओलसर उष्णता म्हणजे मुंबईची हवा," सासूबाई म्हणाल्या. "ती माझ्या पोटात कधी शिरली?"

सगळे हसलो. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा सोडला. मग लोणचं, मग फोडणीचं सगळंच. आठवडाभरात पेजेवर आल्या, चेहरा पार उतरला, आणि एका सकाळी म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करा. जे काय व्हायचं ते पुण्यात, आमच्या डॉक्टरांसमोर होऊ दे."

बायको माझ्याकडे वळली. "फिटली हौस? किती मिनतवाऱ्या करून आणलं होतं आईला!" चिडून तिने मला जीभ काढून वेडावलं. सवयीने मी फोटो काढला. जाड पिवळा थर. मग स्वतःचा काढला. तोच थर. साधा माणूस इथे मान वर करून दिव्याकडे बघतो. मी इंजिनिअर. मला वाटलं, घरात साथ आली.

तिन्ही फोटो मी आमच्या प्रकल्पावरच्या चिनी वैद्यबाईंना पाठवले. लगेच फोन आला. सासूबाईंना धीर यावा म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"बरं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "तुमच्या मागच्या टाइल्स कुठल्या रंगाच्या आहेत?"

"पांढऱ्या."

"फोटोत पिवळ्या दिसतायत. त्यांचंही पोट बिघडलंय का?"

बायकोने याचं मराठी केलं, जरा जास्तच मन लावून. मग वैद्यबाईंच्या सांगण्यावरून सासूबाईंना खिडकीपाशी नेऊन, उजेडात, नुसत्या डोळ्यांनी बघितलं. जीभ गुलाबी, वर पातळ पांढरट थर.

"असायला हवी तशी आहे," वैद्यबाई म्हणाल्या. "खाऊ-पिऊ द्या त्यांना."

चहा झाला, आलं ठेचून घातलेला. मी चाचरत विचारलं, "आई, तिकिटाचं काय करू?"

"राहू दे." सासूबाईंनी चहा बशीत ओतला. "आजारी म्हणून निघाले होते. आता मी ठणठणीत आहे. पण पोरीला एवढ्या लांब असल्या मठ्ठ माणसाजवळ एकटं सोडून कशी जाऊ?"