शरण जायचं, पण कोणाला

त्यांनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. ओढून नाही. हसत. लहान पोराच्या हातातून काचेचं भांडं काढून घ्यावं तसा.

गुरुवार होता. आरतीनंतर शिऱ्याचा प्रसाद वाटायचा होता. धरमपेठेतल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात कामाच्या पाळ्यांचा कागद भिंतीला चिकटवलेला असायचा. बाविसाव्या दिवशी पहिल्यांदा माझ्या नावापुढे 'स्वयंपाकघर' आलं. रवा मीच भाजला. आमच्या वस्तीत लग्न असलं की कढईपाशी मलाच बसवतात, अर्थात मी शुद्धीवर असलो तर. केंद्र चालवणारे काका वास घेत आत आले. कढईत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तू कसा इथे? प्रसादाचं काम वेगळं असतं. तू मागे जा बाबा. तिथे तुझा हात बसलाय."

मागे म्हणजे संडास. एकवीस दिवस मी तेच घासत होतो.

माझा रवा त्यांनी खाली उतरवला. दुसरा काढला आणि भाजायला डॉक्टरांना बसवलं. धंतोलीत त्यांचा स्वतःचा दवाखाना. आमच्यासारखेच पिऊन पिऊन तिथे आलेले. त्यांनी जन्मात कधी गॅस पेटवला नसावा. रवा करपला. करपलेला शिरा सगळ्यांनी डोळे मिटून, कपाळाला लावून खाल्ला. मीही खाल्ला. संडास घासल्याची मला लाज नाही. तो शिरा गपचूप खाल्ल्याची आहे.

नंतर मी काकांना विचारलं, "माह्यं काहून नाही चाललं?"

ते म्हणाले, "बघ, हा अहंकार. हे तू विचारत नाहीस, तुझ्या आतला दारुडा विचारतोय. शरण जा."

तिथे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर होतं. वरण पातळ आहे म्हणालं तरी अहंकार. पहिल्या दिवशी त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं, मग किती पितोस ते विचारलं. आडनाव ऐकून मान हलवली आणि म्हणाले, "इथे जात नाही हं. सगळे दारुडे सारखे." कोणी न विचारता जात काढली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आम्ही बौद्ध. ही मान हलवणं मी शाळेपासून पाहत आलोय.

पण खोटं बोलणार नाही. त्या केंद्रात मला काहीतरी मिळालं होतं.

मी खापरखेड्याच्या वीजघरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार. आम्हा लोकांची एक पक्की समजूत, की छातीत बसलेली कोळशाची धूळ दारूने धुऊन निघते. जुने कामगार गूळ खायचे. आम्ही गूळ सोडून दारू धरली. धूळ तिथेच राहिली, दारू वाढली. एकदा चालत्या पट्ट्याशेजारी पिऊन पडलो. सोबत्याने पाय धरून ओढलं म्हणून हे सांगायला जिवंत आहे. ठेकेदाराने काम बंद केलं. तीस दिवस पुरे केल्याची केंद्राची चिठ्ठी आण, मगच घेतो म्हणाला. बायकोने, रेखाने, कपड्यांची पिशवी भरून दाराआड ठेवली. "या खेपेला नाही सुटली तं मी पोरगी घेऊन जाईन," म्हणाली. रडली नाही. रडणं तिने केव्हाच सोडलं होतं.

केंद्रात सकाळच्या बैठकीला एकेकाने उठून हात जोडून म्हणायचं, "मी हरलो. मी स्वाधीन." पहिले दिवस हात इतके थरथरायचे की जोडलेले राहायचे नाहीत. आठवड्याने एका सकाळी ते वाक्य तोंडातून निघालं आणि मला हुंदकाच फुटला. वर्षानुवर्षं मी सांगत होतो, मनात आलं तर उद्या सोडीन. सोडता येत नव्हती. हरलो म्हटल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. ते खरं होतं. ते मी आजही खरं मानतो.

घोटाळा त्यानंतर व्हायचा. हरलो म्हणून झालं की काकांच्या गुरुमहाराजांच्या फोटोला नमस्कार करायचा, आणि मग फोटोखाली खुर्चीत बसलेल्या काकांच्या पायांवर डोकं ठेवायचं. मी रोज ठेवलं. देवासाठी केलेलं शरण जाणं ते वाटेतच स्वतःच्या खिशात टाकत होते.

त्या शिऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत माझी पाळी आली. उठलो. हात जोडले नाहीत.

"मी दारूपुढं हरलो, काका. ते रोज म्हणीन. पन तुमच्या पायावर आता डोकं नाही ठेवत. संडास एकवीस दिवस मी घासले, आता डॉक्टरसाहेब घासतीन. आन माह्या हातचा शिरा तुमाले खावा लागन."

डॉक्टर आपली नखं पाहत बसले.

काका शांत होते. शांत राहणं त्यांना परवडत होतं. "चिठ्ठी विसर," ते म्हणाले. "आणि लिहून देतो, बाहेर पडलास की पहिल्याच भट्टीवर बसशील."

पिशवी उचलली आणि निघालो. आठ दिवस उरले होते. थांबलो असतो तर चिठ्ठी मिळाली असती. चालताना हे दहादा मनात आलं आणि दहादा मी स्वतःला शिव्या घातल्या.

ऊन डोक्यावर. बसच्या वाटेवर देशीची भट्टी लागली. पाय थांबले. आपोआप. तोंडाला पाणी सुटलं, मानेवर घाम आला. काकांवरचा राग मला पुढे नेईल असं वाटलं होतं. कशाचं काय! राग उलटा मला आत ढकलत होता. रागावर तर मी आयुष्यभर प्यायलो. मुकादमाचा राग, बापाचा राग, त्या हलणाऱ्या मानांचा राग. हातात पिशवी धरून मी तिथे किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही.

मग तेच वाक्य म्हणालो. मोठ्याने. "मी हरलो." समोर फोटो नव्हता, खुर्ची नव्हती. कोणाला म्हणालो, मला सांगता येणार नाही. भट्टीवरचा एक जण हसला. पण पाय हलले. बसमध्ये बसलो तेव्हा सदरा ओला झाला होता.

घरी रेखाने विचारलं, "चिठ्ठी?"

"नाही भेटली. पन पेलो नाही वं."

"असं लय खेपा आयकलं मी," ती म्हणाली. मी दाराआड टेकवलेली पिशवी तिने उचलली नाही, तिथेच राहिली.

रविवारी विहारात गेलो. वंदनेत सगळे मिळून पंचशील म्हणतात. आमच्याकडे पहिल्या चार शीलांना विहार दणाणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. पाचवं दारू न पिण्याचं. ते आलं की पुरुषांच्या बाजूचा आवाज एकदम बसतो. पिणारे तोंड मिटून घेतात, आताच तर खोटं न बोलण्याचं म्हणालो ना! अशी ही आमची इमानदारी. बायकांचा आवाज तेवढा उरतो. पंधरा वर्षं मीही तोंड मिटलं होतं. शरण जाण्याचे शब्द, त्रिशरण, आम्ही पंचशीलाच्याही आधी तीन-तीनदा म्हणतो, मध्ये कोणाची खुर्ची न ठेवता. घरचं सोडून मी ते धरमपेठेत शोधायला गेलो होतो.

त्या दिवशी पाचवं शील मी म्हणालो. आवाज फाटला. शेजारच्याने चमकून पाहिलं. रेखा पलीकडे बसली होती. तिने पाहिलं नाही.

सोमवारी कामावर गेलो. गेटवर ठेकेदाराचा सुपरवायझर.

"चिठ्ठी आन गा, मंग बोलू."

"चिठ्ठी नाही भेटत, साहेब. तुमी रोज सकाळी इथंच माह्यं तोंड हुंगा. वास आला तं त्याच दिवशी हाकला. पन हुंगान तं सगळ्यायचं हुंगा. तुमच्यापासून सुरू करा."

तो हसला. मागची दोन-चार माणसंही हसली. मी हसलो नाही. शिफ्ट आत जाईपर्यंत उभा राहिलो, मग घरी आलो.

मंगळवारी परत गेलो. बुधवारी परत. आज अकरावा दिवस. आता कोणी हसत नाही. काल सुपरवायझर माझ्या अंगावर ओरडला, म्हणजे त्याला आता माझा त्रास होऊ लागलाय. मागच्या रांगेतले दोन कामगार येऊन माझ्याजवळ उभे राहिले. काम मिळेल की नाही, मला माहीत नाही. रेखा राहील की नाही, तेही माहीत नाही.

उद्या सकाळी मी त्या गेटवर असेन. न पिता. आणि मान वर करून.