दादाच्या जीपमधला कॉम्प्युटर

अमरावतीत वलगाव रोडवर गोवर्धनचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि वर एक पाटी, जिच्यावर ‘ऑटो इलेक्ट्रिक’ एवढंच वाचता येतं. बाकीची अक्षरं उन्हानं खाल्ली. पाटी रंगवून घे म्हटलं की तो म्हणतो, “ज्याले यायचं हाय, तो पाटी पाहून येत नाई.” आणि ते खरंच आहे. डावा इंडिकेटर दिला की उजवा लागतो, ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो, असली तऱ्हेवाईक दुखणी घेऊन अकोल्यापासून धारणीपर्यंतचे लोक त्याच्याकडे येतात. गोवर्धन बोनेट उघडतो, वायरींचा गुंता बघतो आणि त्याच्याआधी ज्यानं हात लावला असेल त्याचा मनसोक्त उद्धार करतो. तो झाल्याशिवाय त्याचं काम सुरू होत नाही.

ही विद्या त्याला दिली पुंजारामनं. पुंजाराम थोरला भाऊ, चौदा वर्षांनी मोठा. गाव नांदगाव खंडेश्वरकडचं. बाप गेला तेव्हा गोवर्धन चौथीत होता. थोरल्यानं शेत चुलत्याला वाहायला दिलं, परतवाडा गाठलं, जीपवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग स्वतःची जीप. परतवाडा ते धारणी, मेळघाटातून. एसटी चुकलेला मास्तर, बाजारची टोपली, बाळंतीण, कोंबड्या, सगळ्यांना त्या जीपमध्ये जागा. घाटात गाडी बंद पडली की तो बोनेट उघडायचा आणि धाकट्याला जवळ बोलवायचा. “हे पाय बे, करंट पान्यावानी असते. जिथं वाट भेटली तिथं धावते. त्याची वाट धुंडाची, बस.” या एवढ्या वाक्यावर गोवर्धनचा संसार उभा राहिला.

गाडीत कॉम्प्युटर बसवायचं खूळ मात्र अकोल्याच्या वामनराव वकिलांचं. त्यांना म्हणे कोर्टाचे कागद गाडीत बसून वाचायचे होते. गोवर्धननं हो म्हटलं, कारण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. टेबलावरचा कॉम्प्युटर उघडून त्याचं पोट त्यानं डिकीत मांडलं. चौथ्या दिवशी वकिलांचा फोन. “गोवर्धन, गाडी सुरू केली की तुझा कॉम्प्युटर मरतो. तो जिवंत हवा असेल तर मला घरीच बसावं लागतं.” स्टार्टर फिरतो तेव्हा सगळा करंट तो ओढून घेतो आणि कॉम्प्युटर उपाशी मरतो, हे गोवर्धनला त्या दिवशी कळलं. मग त्यासाठीचा वेगळा सप्लाय आला. तो बसतो न बसतो तोच अकोल्याचा मे महिना आला आणि बंद गाडीत सगळंच शिजून निघालं. तीन महिने तो त्या गाडीच्या मागे होता. शेवटी यंत्र चाललं, आणि गाडीत कॉम्प्युटर बसवणारा मिस्तरी म्हणून गोवर्धनचं नाव झालं.

दादाला, म्हणजे पुंजारामला, विसर पडू लागला तेव्हा या नावानंच घात केला.

आधी छोट्या गोष्टी होत्या. चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागायचा. मग एकदा धारणीची माणसं भरून निघाला आणि घटांगच्या फाट्यावर जीप चिखलदऱ्याकडे घेतली. माणसं ओरडली, तो हसला, गाडी वळवली. पुढल्या महिन्यात सेमाडोहला गाडी उभी करून त्यानं मागच्या बाईलाच विचारलं, “बाई, हे कोनतं गाव हाय?” पस्तीस वर्षं जो माणूस त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा नावानिशी सांगायचा, त्यानं हे विचारलं. त्यानंतर माणसं जीपमध्ये बसेनाशी झाली. कोणी तोंडावर काही बोललं नाही. नुसते दुसऱ्या जीपकडे वळायचे.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की हे वाढत जाणार, गाडी आजपासून बंद. दादानं मान डोलावली, बाहेर आला आणि थेट स्टिअरिंगवर जाऊन बसला.

वहिनीनं, म्हणजे रुख्मिणीनं, चाबी डाळीच्या डब्यात लपवली. दादा रागावला नाही. अंगणात जीपमध्ये जाऊन बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि जेवायलाही उतरला नाही. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तिनंच चाबी आणून त्याच्या खिशात ठेवली आणि गोवर्धनला फोन केला. “माह्याच्यानं नाई घेवल्या जात त्याईची चाबी, भाऊजी. तुमीच या अन् घ्या.”

गोवर्धन आला तो चाबी घ्यायलाच. “दादा, चाबी दे,” एवढं म्हणून पाहिलं. दादानं त्याला खालीवर बघितलं. “तुले कायले पायजे बे चाबी? तुले घाट चालवता येते का?” पन्नाशीला आलेला, चार माणसांत मान असलेला हा मिस्तरी दादापुढे चौथीतलाच होता.

तेव्हा त्याच्या डोक्यात ते आलं. दादाच्या डोक्यातून जो रस्ता निघून गेला, तो डब्यात भरून गाडीत बसवला तर? शहाण्यानं असा विचार करू नये. पण ज्याला हातांनी दुरुस्त करता येतं, त्याला दुरुस्त न होणारी गोष्ट दिसतच नाही. डॉक्टरांचं म्हणणं त्यानं ऐकलं होतं, मानलं मात्र नव्हतं.

चार रविवार तो हत्यारांची पेटी घेऊन परतवाड्याला गेला. तळहाताएवढा कॉम्प्युटर त्यानं सीटखाली रबराच्या गाद्यांवर बसवला, मेळघाटातले हादरे सोसावेत म्हणून. बॅटरीपासून वेगळी वायर ओढली, बॅटरीजवळच फ्यूज घातला. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत केला. गाडी बंद झाली तरी कॉम्प्युटर दोन मिनिटं जागा राहून मग सावकाश झोपेल, अशी सोय केली. घटांगच्या पुढे मोबाईलला रेंज नाही, म्हणून धारणीपर्यंतचा सगळा नकाशा आतच भरला आणि गाडी कुठं आहे ते कळायला टपावर अँटेना लावली. डॅशबोर्डवर वितभर स्क्रीन. दादा सगळा वेळ सीटवर बसून बघत असायचा आणि सांगितलं की चाबी फिरवून द्यायचा.

“हे काय लावून राहिला बे?”

“टेप हाय, दादा. रस्ता सांगनारा.”

“मले रस्ता सांगते?” दादा हसला. “मंग तं लयच शिकला म्हनाव.”

पहिल्या चाचणीला जीपमध्ये दोघंच होते. गोवर्धनचा हात हँडब्रेकवर. घाट लागला आणि कॉम्प्युटरमधली बाई छापील मराठीत बोलली, “आपण पाचशे मीटरवर उजवीकडे वळावे.”

दादानं दचकून आरशात बघितलं. गाडी हळू केली, रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली. वरच्या खणातून गाडीचे कागद काढले आणि मागच्या रिकाम्या सीटकडे वळून दोन्ही हातांनी पुढे केले. “घ्या बाईसाहेब. सगळे हायेत. इन्शुरन्स बी हाय.”

मेळघाटच्या रस्त्यावर इतकं शुद्ध कोण बोलतं? एक तर फॉरेस्टचे साहेब, नाही तर आरटीओ. आणि दोघांपुढे गाडी थांबवून कागद काढायचे, हे दादा विसरला नव्हता. गोवर्धनला हसू फुटलं. पण दादाचे हात तसेच पुढे होते आणि घेणारं कोणी नव्हतं. गोवर्धननं ते कागद स्वतः घेतले, पाहिल्यासारखं केलं आणि परत दिले.

चूक त्याचीच होती. ज्या आवाजावर दादाचा भरवसा बसेल, तो आवाज बाजारात मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं दुकानाचं शटर ओढलं, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि एकेक वाक्य बोलून भरलं. “दादा, घटांग येऊन राहिलं, उजव्या अंगानं घे.” वळणासाठी “दादा, मोडन हाय, गाडी हयू घे.” “दादा, समोर पूल हाय.” बोलता बोलता गरज नसलेलंही बोलून गेला. “दादा, पानी पे.” “दादा, बरोबर चालून राहिला तू.” हे शेवटचं त्यानं तीनदा भरलं, तिन्ही वेळा बिघडलं, आणि मग तसंच राहू दिलं.

दुसरी चाचणी गुरुवारी. परतवाड्याहून सेमाडोहपर्यंत आणि परत. गोवर्धननं मनाशी ठरवलं होतं की आज एक शब्द बोलायचा नाही, जे बोलायचं ते यंत्रानं. घटांगचा फाटा आला. “उजव्या अंगानं घे,” गोवर्धनचा आवाज म्हणाला, आणि दादानं उजवीकडे घेतली. मोडणावर हॉर्न दिला. समोरच्या ट्रकला जागा दिली. पाणी पे म्हटल्यावर खरोखरच गाडी थांबवून बाटली तोंडाला लावली. त्याच्या चेहऱ्यावर जुना ड्रायव्हर परत आला होता. गोवर्धन खिडकीकडे तोंड करून बसला होता, कारण डोळे भरून येत होते. त्याला वाटलं, झालं. डॉक्टर चुकले.

परतवाड्यात अंगणात जीप लागली. “दादा, घर आलं. गाडी बंद कर,” आवाज म्हणाला. दादानं चाबी काढली. पायरीवर वहिनी उभी होती.

“लय गुनाचं पोट्टं हाय,” स्क्रीनवरून हात फिरवत दादा म्हणाला.

“कोन, दादा?”

“हा. आमचा गोवर्धन. लहाना भाऊ हाय माह्या. आवाज वयखला मी, पहिल्याच बोलीत.” मग त्यानं मान वळवली. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं, त्याच्या हातावरचं ग्रीस बघितलं, आणि परक्याशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, “तुमी कोन्या गॅरेजचे, मिस्तरी?”

जन्मात दादानं त्याला कधी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, कानफटात दिली होती, मांडीवर झोपवलं होतं, पण तुमी नाही. वहिनी पायरीवरच खाली बसली. गोवर्धनला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे मी, मीच तो! तोंडही उघडलं. पण दादाच्या डोळ्यांत त्यानं पाहिलं. तिथं ओळखीची वाट कुठूनच निघत नव्हती.

“मी अमरावतीचा,” तो म्हणाला. “वलगाव रोडवर दुकान हाय माह्यं.” मग थोडं थांबून, दोन्ही हात पुढे करून, “भाऊ, गाडीत काम निंगालं हाय. मोठं हाय, लय दिवस लागतीन. चाबी द्या लागन तुमाले.”

दादानं चाबी शर्टाला पुसली. मिस्तरीला चाबी द्यावीच लागते, हे कळणारा तो माणूस. त्यानं ती गोवर्धनच्या हातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली.

“घ्या. पन काम झालं का आमच्या गोवर्धनले दाखवून घेजा, मिस्तरी. त्याले समजते त्यातलं.”