पट्टीचा रंग आणि मायचं आळण

पट्ट्यांच्या बाटलीवर रंगांचे चौकोन छापलेले होते. पहिला भिजवलेल्या चण्याच्या डाळीसारखा फिका, त्यानंतर गुलाबी, मग आणखी गडद, आणि शेवटचा पिकलेल्या जांभळासारखा. सकाळी उठल्यावर लहानशा कपात लघवी घ्यायची, पट्टीचं टोक बुडवायचं, मनात पंधरापर्यंत मोजायचं आणि पट्टी त्या चौकोनांना लावून बघायची. माझी पट्टी रोज पहिल्या चौकोनावरच थांबायची.

मी साकोलीला कॉलेजात शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. घर एकोडीला, म्हणजे फार लांब नाही. पण मला फिट येत असल्यामुळे सायकल बंद झाली होती, आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची सोयीची बस निघून जायची. म्हणून बाबांनी कॉलेजजवळ खोली करून दिली. सोबत एक मुलगी होती.

पावसाळा संपता संपता मी कॉलेजच्या व्हरांड्यात पडले. शुद्धीवर आले तेव्हा आधी दिसले ते पाय, गोल उभे असलेले. कुणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली होती. कोणाची होती ते मी कधी विचारलं नाही. त्यानंतर मला कुणी वाईट बोललं नाही, पण माझ्या बाकावरची जागा रिकामी राहू लागली. सोबतची मुलगी म्हणाली, "मला भीती वाटते गं, राग नको मानू," आणि दुसरीकडे राहायला गेली. मी राग मानला नाही. मलाही भीती वाटायचीच.

बाबा आले. येताना धानाचे भारे बांधायचा दोर घेऊन आले होते. सामान न्यायचंच या तयारीने आले असावेत. मी रडले नाही, फक्त पुस्तकं खाली उतरवली नाहीत. ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "नागपूरच्या डॉक्टरले एक डाव दाखवू. पन अजून अशी पडली, त मंग सामान बांधू. पदवी का जिवापेक्षा मोठी हाये?" जाताना दोर खाटेखाली ठेवून गेले. ते रागावले असते तर मी भांडले असते.

नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर आहार बदलून बघू असं सांगितलं. तिथल्या आहाराच्या मॅडमनी मला समजावलं. भात, पोळी, साखर मिळाली नाही की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि ते लघवीत दिसतात. काही जणांच्या फिट त्याने कमी होतात, सगळ्यांच्या होतातच असं नाही. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. रोज पट्टीचा फोटो पाठवायचा. बाबा हात जोडून "जय भीम, मॅडम" म्हणाले आणि मग हळूच विचारलं, "भात बिलकुलच नाही?"

मायने घरी तेच विचारलं, फक्त हळू नाही. "भात नाई त मंग जेवण कायचं?" आमच्याकडे बाकी काहीही पोटभर खाल्लं तरी भात झाला नसेल तर माणूस जेवला म्हणत नाहीत.

तरी ती डबा पाठवू लागली. गावातले दूधवाले काका रोज मोटारसायकलवर साकोलीला यायचे, त्यांच्या कॅनच्या बाजूला माझा डबा लटकलेला असायचा. त्यात तलावाच्या मासोळीचा रस्सा, अंडी, पालक, वर खूप तेल. काका दारातूनच ओरडायचे, "घे वो बाई! धानाच्या गावची पोरगी अन् भात नाई खात! तुह्यापायी आमचं नाव जाऊन राहिलं!"

मी हसायचे. दिवसभरात माझ्याशी कुणी थट्टा करायचं ते तेवढंच.

पहिले काही दिवस डोकं दुखलं, पाय गळून गेले. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मीठ घालून पाणी प्यायले. वर्गात मुली डबे उघडायच्या तेव्हा मी ग्रंथालयात जाऊन बसायचे, भाताचा वास नको म्हणून. एवढं करूनही पट्टी फिकीच. वाटायचं, माझं शरीरच हट्टी आहे, इतरांचं ऐकतं, माझं ऐकत नाही. एकदा मॅडमचा मेसेज आला: "बेटा, काही लपवून खात नाहीस ना? मला खरं सांग." मी तो खूपदा वाचला. "नाही मॅडम" एवढंच लिहिलं आणि कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून फोन उशीखाली ठेवला.

रविवारी घरी गेले. माय चुलीपुढे होती. मासोळीचा रस्सा उकळत होता. तिने बाजूच्या वाटीतलं पांढरं, पातळसर काहीतरी रश्श्यात ओतलं आणि ढवळलं.

"माय, हे काय?"

"आळण. रस्सा घट्ट व्हाले लावा लागते ना."

"कायचं?"

"तांदळाच्या पिठाचं. मंग कायचं रायते?"

"माह्या डब्यात बी टाकते?"

ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "टाकतो. मूठभर पीठ. पालकात बी टाकतो."

"माय, मले भात नाई चालत ना! मॅडमले वाटून राहिलं मी चोरून खातो."

"भात कुठी दिला मी? आळण का भात हाये?" पण ते तिलाच पटलं नसावं. पदराने कपाळ पुसत हळू आवाजात म्हणाली, "डबा भरतो अन् त्यात आपल्या धानाचा दाना नाई. उपाशी पोरीले डबा धाडून राहिलो असं वाटते. मूठभर त पोटात जाऊ दे म्हनलं."

रश्श्याला उकळी आली, तिने भांडं उतरवलं.

"मंग आता नको टाकू," मी म्हटलं.

"हो म्हनीन. पन माह्या हाताचा भरवसा मले नाई. तूच रांध तिकडं."

सोमवारपासून मी खोलीवर स्वतः रांधू लागले. अंडी, पालक, तेल. चव नव्हती. काका रस्त्यावरून जाताना सवयीने गाडीचा वेग कमी करायचे आणि मग आठवून पुढे निघून जायचे. तो आवाज ऐकण्यासाठी मी खिडकीजवळ उभी राहायचे.

त्याच आठवड्यात पट्टी गुलाबी झाली, मग गडद, मग जांभळी. मॅडमनी मेसेजमध्ये शाबासकीचा अंगठा पाठवला. मी ती पट्टी हातात धरून खोलीत उभी राहिले. हा रंग बघून ज्याला आनंद होईल असं आसपास कुणी नव्हतं. मायला फोन केला.

"कायच्या रंगाची झाली?"

"जांभळासारखी."

"बरं झालं." मग तिने विचारलं, "भूक लागते का वो?"

"नाई लागत आता. असंच होते म्हणतात."

"भूक बी नाई लागत?" ती म्हणाली.

दोन दिवसांनी काकांची गाडी दाराशी थांबली. "घे, तुह्या मायनं धाडलं. आज थट्टा नाई करत, तिनं बजावलं हाये." डब्यात तेलात तळलेली मासोळी होती. रस्सा नाही, पीठ लावलेलं नाही, हळदमीठ आणि तिखट तेवढं. रस्साच नसेल तर आळण कशात घालणार?

मी ते सगळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बुडवली. आपण मायलाच तपासतोय असं वाटलं, आणि लाजही वाटली. पंधरापर्यंत मोजलं. पट्टी जांभळीच राहिली.

फिट पुन्हा येणार नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही तसं धरून चालले नव्हते. पण त्या दिवशी मी खाटेखालचा दोर ओढून काढला. खोलीत एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत घट्ट बांधला आणि धुतलेले कपडे त्यावर वाळत घातले.