दूध माझं, इकामा त्याचा

त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायका एकाएकी डॉक्टर झाल्या, आणि ज्यांना डॉक्टर होता आलं नाही त्या मुफ्ती झाल्या. कारण एवढंच की खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला दिवस गेले होते आणि त्याच महिन्यात तिच्या नवऱ्याची नोकरी गेली होती.

रियाधमध्ये बथाच्या मागच्या गल्लीत आम्ही राहायचो. माझा नवरा ओलायातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायचा. मी श्रीवर्धनकडची, ती दापोलीकडची. वयानं माझ्याहून लहान, म्हणून मला आपा म्हणायची. तिचा नवरा मोबाइलच्या दुकानात रिपेअरिंग करायचा. मग हुकूम निघाला की मोबाइलच्या दुकानात यापुढे फक्त सौदी माणूस बसेल. ज्या पोराला हा महिनाभर स्क्रीन बदलायला शिकवत होता, तोच त्याच्या खुर्चीवर बसला. त्या पोरावर माझा राग नाही. देश त्याचा, खुर्ची त्याची. माझा राग आपल्याच माणसांवर आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो उतरत नाही.

तिला आधीची तीन मुलं होती. थोरली माझ्याकडे ट्यूशनला यायची. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. एके दिवशी दप्तर खाली ठेवता ठेवता म्हणाली, "आंटी, अम्मी इज व्हॉमिटिंग अगेन." मी खाली गेले तर ही बाथरूमच्या उंबऱ्यावर बसली होती. "आपा, कुणाला सांगू नको गो," एवढंच म्हणाली. मी नाही सांगितलं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये ओकारीचा आवाज लपत नसे. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं.

मग एकेकजण शहाणपण शिकवायला येऊ लागली. एक म्हणाली, "एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा लाव, मुंबईला जा, दोन दिवसांत मोकळी होशील." दुसरीनं बोटांवर हिशेब करून सांगितलं की अजून चार महिने झालेले नाहीत, गर्भात रूह, म्हणजे आत्मा, फुंकलेली नाही, तेव्हा गुन्हा कसला? या बाईला रमजानचे सुटलेले रोजे कसे भरायचे ते दरवर्षी मला विचारावं लागायचं. तिसरी शेजारणीच्या मुलांकडे बघून म्हणाली, "आधीच्यांचं तरी धड होऊ दे." मुलं तिथंच बसून कार्टून बघत होती.

मोकळी होशील, हे ऐकून माझं डोकं सणकलं. मोकळी म्हणजे काय, ते या बायकांनी मला विचारायचं होतं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मी मोकळीच होते. कुणाकडे बाळ झालं की माझ्या मांडीवर द्यायला याच बायका कचरायच्या. माझी नजर लागेल अशी त्यांना भीती. आणि आता एक जीव पोटात होता, तर तुंबलेल्या नळासारखं तिला मोकळं करायला निघाल्या होत्या. मी तोंडावर बोलले, "तो काय कचरा आहे का?" तेव्हापासून माझ्याकडे चहाला येणं त्यांनी बंद केलं. फार बरं झालं.

पण खरा राग पुढे यायचा होता.

माझी थोरली जाऊ रियाधमध्येच, दोन गल्ल्या सोडून राहायची. दर शुक्रवारी तिच्याकडे बायका जमायच्या आणि ती बयान करायची, म्हणजे धर्माच्या गोष्टी समजावून सांगायची. वाणी चांगली होती तिची. त्या शुक्रवारी मी शेजारणीला सोबत घेऊन गेले, म्हटलं तिला धीर येईल. जावेनं नाव न घेता तोच विषय काढला. गर्भ पाडणं म्हणजे कत्ल, पोटातल्या जिवाची जबान आपण व्हायला हवं, रिझ्क, म्हणजे रोजची भाकर, देणारा तो आहे, आपण कोण? बायका डोळे पुसत होत्या. जिच्याबद्दल सगळं चाललं होतं ती कोपऱ्यात ओढणी कुरतडत बसली होती.

मला त्यातला शब्दन्‌शब्द पटला. आजही पटतो. माझं मत कुणाला जुनाट वाटलं तर वाटो: पोटात आलेला जीव आपला नसतो, आपल्याकडे ठेवायला दिलेला असतो. पण बयान संपलं, समोसे आले, चटणी तिखट झाल्याची चर्चा झाली, आणि शेजारणीच्या घरी रात्री काय शिजणार हे एकीनंही विचारलं नाही. रिझ्क काही छप्पर फाडून ताटात पडत नाही. तो कुणाच्या तरी हातानं येतो. तो हात आपला असू शकतो, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, "तिनं ते मूल होऊ दिलं तर आपण घ्यायचं?" माझा नवरा कमी बोलतो. त्यानं जेवण संपवलं, हात धुतले आणि म्हणाला, "तू विचारतेस की सांगतेस?"

"सांगते."

"मग आता मला कशाला विचारतेस?" आणि हसला.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. तिच्या नवऱ्यानं मुंबईच्या तिकिटाची चौकशी सुरू केली होती. मी सरळ बोलले, "पाडू नको. बाळ होऊ दे. तुला झेपलं तर तू ठेव, नाही झेपलं तर मी घेते. डॉक्टर, दवाखाना, सगळं आम्ही बघू." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "आपा, सगळ्यांनी मला काय करायचं ते सांगितलं. घेते असं कुणीच नाय म्हटलं." तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पुढे त्याला एका कपड्यांच्या दुकानात काम मिळालं, पण आधीच्यापेक्षा कमी पगाराचं. तोवर तिचं ठरलं होतं. चौथं झेपणार नव्हतं. मूल माझं.

आता दुधाची गोष्ट. सोनोग्राफीत मुलगी आहे असं कळलं होतं. आमच्यात दूध पाजलं की नातं लागतं. घेतलेली मुलगी मोठी झाली की घरातल्या पुरुषांसमोर तिला परक्यासारखं डोकं झाकून वावरावं लागतं. पण माझ्या जावेनं तिला पाजलं असतं तर माझा नवरा तिचा दूधकाका झाला असता, आणि तो प्रश्नच मिटला असता. आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात पाच वेळा पोटभर पाजावं लागतं. जावेच्या कडेवर तेव्हा पाच महिन्यांचा मुलगा होता आणि तिला दूध इतकं यायचं की कपडे भिजायचे. मी मिठाईचा डबा घेऊन तिच्याकडे गेले. मला वाटलं होतं, ती मला मिठी मारेल.

ती म्हणाली, "माझ्यान होणार नाय."

"का?"

"उद्या ती माझ्या पोरांची बहीण लागेल. कुणाचं रक्त, कुणाचं खानदान, आपल्याला काय ठाऊक? पाडून घेणार होती ती बाई. असल्या घरातली पोर."

मी म्हटलं, "भाबी, तुम्हीच तर शुक्रवारी म्हणालात, त्या जिवाची जबान व्हा."

"ते वेगळं," ती म्हणाली.

काय वेगळं? मी तो प्रश्न तिला विचारला नाही, कारण विचारला असता तर मी डबा तिच्या डोक्यात घातला असता. वेगळं एवढंच की पोटातल्या जिवाला दूध लागत नाही, कपडे लागत नाहीत, तो तुमच्या मुलांच्या बिछान्यात झोपायला येत नाही. तोवर त्याच्यावर माया करणं फार सोपं असतं. तो जन्मला की तो कुणाचं तरी रक्त होतो. मिठाईचा डबा मी परत आणला आणि जिन्यावरच्या बांगलादेशी झाडूवाल्याला दिला.

एका केरळी डॉक्टरणीनं मला मार्ग दाखवला. बाळंत न झालेल्या बाईलाही औषधांनी आणि पंपानं दूध येऊ शकतं, थोडं का होईना, असं ती म्हणाली. मी महिनोन्‌महिने त्या पंपाला चिकटून बसले. छाती दुखायची, हाती काही लागायचं नाही. नवरा बाहेर टीव्हीचा आवाज वाढवून बसायचा, म्हणजे मला लाज वाटू नये. एके दिवशी बाटलीच्या तळाला पांढरा ओघळ दिसला. मी तिथंच मोठ्यानं रडले.

मुलगी झाली. थेंब थेंब साठवलेलं दूध आणि अंगावरचं, असं करत मी तिला पाच वेळा पोटभर पाजलं. पाचही वेळा तिची जन्मदाती समोर बसली होती. "मी साक्षीला हाय," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची. मौलवींनी सांगितलं, पोर तुझी दूधलेक झाली, तिला तुझ्या नवऱ्यापासून पडदा नाही. नाव मात्र तिच्या बापाचंच राहिलं, आणि तेच बरोबर आहे. मला नाव नको होतं, पोर हवी होती.

ती वरच्या मजल्यावर माझ्याकडे वाढली. अम्मी म्हणायची मला, आणि खालचीला खाला, म्हणजे मावशी. फक्त सरकारदरबारी ती खालच्या घरातली होती. जन्माचा दाखला त्यांच्या नावाचा, पासपोर्ट त्यांच्या नावाचा, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, बापाच्या इकाम्याला जोडलेला. रात्री माझ्या कुशीत झोपायची ती, पण सौदीत राहायची परवानगी तिला त्याच्या नोकरीमुळे होती. आम्ही हे विसरूनच गेलो होतो.

मग फॅमिलीतल्या प्रत्येक माणसामागे सरकारी फी लागू झाली, आणि त्यापाठोपाठ कपड्यांच्या दुकानांतही सौदी माणूसच हवा असा हुकूम आला. कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या सौदी मालकानं, हात झटकले. "खलास," म्हणाला. खालच्या घरावर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जाण्याचा, शिक्का बसणार होता. बापाचा इकामा रद्द, म्हणजे चारही मुलांचा रद्द. आम्ही वकिलासारखं बोलणाऱ्या चार माणसांकडे फिरलो. ती आमच्या इकाम्यावर येऊ शकत नव्हती, कारण इथल्या कागदांत आम्ही तिचे कुणीच नव्हतो.

जाऊ समजूत घालायला आली. "जाऊ दे आता," म्हणाली. "दोन वर्षं हौस भागली ना? त्यांची होती, त्यांच्याबरोबर जाईल. तू कशाला नवऱ्याला सोडून जातेस? परक्या पोरीपायी?"

हौस पडद्यांची असते, भाबी. हौस सोफ्याची असते. मी बोलले, आणि दोन वर्षं गिळलेलं सगळं बोलले. दूध, रक्त, समोसे, सगळं. शेवटी म्हटलं, "तुम्ही त्या जिवासाठी फक्त तोंड वाजवलंत. तेही फुकटचं." नवरा आतल्या खोलीतून सगळं ऐकत होता. त्याची सख्खी भावजय होती ती. बाहेर आला आणि तिला म्हणाला, "भाबी, चहा घेणार की निघताय?" याहून कडू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

त्यानंच ठरवलं. "तू तिच्याबरोबर जा. मी इथंच बथात एखाद्या बॅचलर रूममध्ये राहतो. कमावणारं कुणीतरी इथं राहायला हवंच." जन्मभर डाळीला फोडणी न दिलेला माणूस. मी माझाही फायनल एक्झिट लावला.

दुपारचं विमान होतं. सामान देऊन रांगेत उभे होतो तोवर मोबाइल वाजला. जावेनं शुक्रवारच्या बायकांच्या ग्रुपवर न जन्मलेल्या बाळाच्या इवल्या हाताचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, जान बचाओ. मी तो ग्रुप तिथंच सोडला.

पासपोर्ट तपासायला काचेमागे नकाबातली तरुण मुलगी बसली होती, नवीनच कामाला लागल्यासारखी, प्रत्येक पान दोनदा बघत होती. माझा शिक्का आधी झाला. पुढे जाऊन वळून पाहते तो खालचं सगळं कुटुंब काचेपाशी. कागदाप्रमाणे मुलगी जन्मदातीच्या कडेवर हवी होती, म्हणून तिनं घेतली होती. आणि मुलगी माझ्याकडे हात पसरून किंचाळत होती, "अम्मी! अम्मी!"

काचेमागच्या मुलीनं मान वर केली. आधी रडणाऱ्या पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या पासपोर्टकडे. "बिन्त मीन?" कुणाची मुलगी?

माझ्या तोंडात शब्द आला होता. तो बाहेर पडला असता तर सगळ्यांना बाजूच्या खोलीत बसवलं असतं आणि विमान निघून गेलं असतं. मी ओठ दाताखाली धरले. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली, आणि तेही नेमकं तिथं.

"बिन्ती," जन्मदाती म्हणाली. माझी मुलगी.

शिक्का पडला. ती चालत माझ्यापर्यंत आली. पोरीनं तिची ओढणी ओढून ओढून पार खाली आणली होती. तिनं मुलगी माझ्या कडेवर दिली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आपा, राग नको मानू. म्हणावं लागलं."

या सगळ्या प्रकारात मला जिचा कधीच राग आला नाही, ती ही एकटी.

"वेडी का गो तू?" मी म्हटलं. "तू तेव्हा हिला पोटात ठेवलंस, म्हणून तर आज ही रडायला आहे."

मुलीनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि हुंदके देता देता आपली एक चप्पल मागू लागली. ती त्या काचेपाशी पडली होती. दोघीही परत मागे जाऊ शकत नव्हतो.