पेन्सिलची खूण

"जुनं म्हणजे फुटकं नव्हे. न पाहिलेलं, ते फुटकं."

आत्या हे दिवसातून दोनदा तरी म्हणायची. एकदा पंपघरातल्या संगणकाबद्दल आणि एकदा स्वतःच्या गुडघ्यांबद्दल.

ती माझी सख्खी आत्या. मी पाणीपुरवठ्याच्या कामावर व्हॉल्व्हमन म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी चारचौघांत तिला आत्या म्हणून बसलो. ते नाव असं चिकटलं, की तिच्याइतकेच पिकलेले आमचे इंजिनिअर साहेबही तिला आत्याच म्हणू लागले.

टाकीची पातळी वहीत उतरवणारी कारकून म्हणून ती आली होती. पुढे पातळी मोजणं, पंप चालू-बंद करणं हे सगळं संगणकाकडे गेलं. त्या संगणकाकडे बघायला कुणी नव्हतं, म्हणून ही बघू लागली. त्यातली मूळ प्रणाली फुकटची होती, म्हणजे कुणा एकाच्या मालकीची नव्हती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, उघडी ठेवलेली, ज्याला वाचता येईल त्याने वाचावी अशी. आत्या शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचत गेली. पहिलं पान समजायला तिला एक अख्खा उन्हाळा लागला.

मग त्या लिहिणाऱ्यांनी ती जुनी आवृत्ती सोडून दिली आणि ते पुढे निघून गेले. आम्हाला जाता येईना, कारण पंपांशी बोलणारं कार्ड त्या जुन्या आवृत्तीशिवाय कुणाचं ऐकत नव्हतं, आणि कार्ड बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. प्रणालीत नवनव्या फटी मात्र सापडतच होत्या. फट म्हणजे काय, हे आत्याने मला टाकीवर उभं करून शिकवलं होतं. "टाकी किती हे न मोजता पाणी सोडलं तर काय होतं?" मी म्हणालो, सांडतं. "इथेही तसंच. बाहेरून आलेला निरोप न मोजता आत घेतला, की तो शेजारच्या हुकमांवर सांडतो. सांडणारा हुशार असेल तर आपले हुकूम पुसून स्वतःचे लिहितो. मग पंप त्याचे."

दर सोमवारी ती नव्या फटींची यादी वाचायची. नव्या आवृत्तीसाठी लोकांनी केलेली दुरुस्ती घ्यायची आणि कापून, दुमडून जुनीला बसवायची. आमच्याकडे दोन सारखेच संगणक होते, आत्या त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. थोरलीला पंप जोडलेले, धाकटीला काहीच नाही. दुरुस्ती आधी धाकटीवर चढायची आणि वहीत पेन्सिलची खूण व्हायची. आठ दिवस धाकटी सुखाने चालली, की मी पंप हाताने सांभाळायचो, आत्या तीच दुरुस्ती थोरलीवर चढवायची आणि पेन्सिलवर शाई गिरवायची. असं एकोणीस वर्षं.

तिच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना संगणकांची सुरक्षा तपासायला सरकारी तपासनीस आली. तिशीची, चटपटीत बोलणारी. तिने आपला लॅपटॉप जोडला, पाच मिनिटं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, एकेचाळीस फटी आहेत. या आवृत्तीला वीस वर्षं कुणी वाली नाही. संध्याकाळपर्यंत हे बंद करा, असं लिहावं लागेल मला."

साहेबांचा चेहरा उतरला. "आणि पंप?"

"नवीन येईपर्यंत हाताने चालवा."

"अहो, नवीन यायला वर्ष जाईल! हा एकटा व्हॉल्व्हमन आहे माझ्याकडे, दहा हातांचा नाही!"

आत्या चष्मा पुसत होती. एकोणीस वर्षांचं काम पाच मिनिटांत भंगारात निघालं होतं. पण तिचा आवाज शांत होता. "बाळ, तुझं यंत्र दारावरची पाटी वाचतंय, आवृत्तीचा आकडा. पाटी जुनीच आहे, ती मी बदलत नाही. दार ढकलून बघितलंस का?"

"मॅडम, सगळे असंच म्हणतात."

"मग सगळ्यांकडे ढकलून बघत जा."

मी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. तपासनीस मात्र हट्टाला पेटली. चालत्या पंपांना धक्का नको म्हणून खुर्ची ओढून ती धाकटीसमोर बसली आणि एकेक फट खरोखरच ढकलू लागली. आत्या शेजारी वही उघडून नुसता आकडा सांगायची. पहिली बंद. दुसरी बंद. दहावीनंतर तपासनीसने बाही सरसावली, विसावीनंतर चहा मागितला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"चुकांनी. फार मारकुट्या मास्तरणी होत्या."

एकोणतिसावीही बंद निघाली. तपासनीस तिसावीकडे वळली, तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब."

तिचं बोट वहीच्या एका ओळीवर होतं. तिथे पेन्सिलची खूण होती. वर शाई नव्हती.

मला आठवलं. गेल्या वर्षी तिच्या यजमानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या डोळ्यात थेंब घालत ती पंधरा दिवस घरी होती. आली ती थेट नव्या सोमवारच्या यादीला बसली. दुरुस्ती धाकटीवरच राहून गेली.

साहेब तिच्या कानाशी वाकले. "आत्या, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकते, साहेब. फट झाकत नाही." मग ती तपासनीसकडे वळली. "ही थोरलीवर उघडी आहे. वर्षभर उघडी होती. माझ्याकडून पाहायची राहिली."

तपासनीसने पेन खाली ठेवलं. "मला कळलंही नसतं."

"मला कळलं ना. आता पुढच्या बारा ढकल. मग हिचं बघू."

बारा बंद निघाल्या. दुपारी तीनला, गावाचे नळ निवांत असताना, आत्याने थोरली थांबवली. मी व्हॉल्व्हच्या चाकावर दोन्ही हात ठेवून दाबाच्या काट्याकडे डोळे लावले. काटा दोन बोटं खाली आला, मी पंप चढवला, तो वर गेला. दुरुस्ती काय, तर तीन ओळी: आधी मोज, मग आत घे. बावीस मिनिटांनी थोरली उठली. तपासनीसने स्वतः दार ढकललं. हललं नाही.

ती बराच वेळ लिहीत होती. मग मान वर करून म्हणाली, "चाळीस बंद होत्या, एक माझ्यासमोर बंद केली, असं लिहिलंय. नवीन येईपर्यंत चालू ठेवायला हरकत नाही. पण एका अटीवर. तुमच्यानंतर कोण बघणार?"

आत्याने माझ्याकडे हनुवटी केली. "हा. दोन वर्षं सोमवारी शेजारी बसवतेय. सावकाश वाचतो, पण ओळ सोडत नाही."

"आत्या, मी?"

"नाही तर काय पंप वाचणार?"

तपासनीस हसली आणि माझं नाव लिहून घेतलं. अहवालावर सही करताना तीही म्हणाली, "येते हं, आत्या."

पाच वाजले. आत्याने एकोणतिसाव्या फटीच्या ओळीतल्या पेन्सिलवर शाई गिरवली, पुढे त्या दिवसाची तारीख घातली आणि वही माझ्या हातात दिली. पिशवी खांद्याला लावून ती टाकीच्या भिंतीकडेने निघाली. तपासनीस पायरीवर उभी होती. तिचा फोन वाजत होता आणि ती तो उचलत नव्हती. मी दारात वही घेऊन. वळणावर आत्या थांबली, वाकून गुडघा दाबून पाहिला, ठीक आहे असं वाटलं असावं, आणि पुढे चालू लागली.