राखणीचा खेकडा

माझे भावोजी कापडाच्या कारखान्यात माल तपासतात. टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे त्यांच्या टेबलावरून सरकत जातात. ज्याचा धागा वर आलाय किंवा किनार वाकडी आहे, ते बोटाच्या एका झटक्यात खाली पडतं. जे बाकीच्यांसारखं दिसतं ते पास. आयुष्यभर हेच केल्यामुळे जगातला कुठलाही दोष आपल्याला लांबून दिसतो, अशी त्यांची पक्की समजूत आहे. बायकोने घडी घातलेला स्वतःचा शर्टसुद्धा ते आधी उजेडाकडे धरून बघतात, मग अंगात घालतात. माझ्या ताईचं या माणसाशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, की तिने आता नवल करणं सोडून दिलंय. मी सोडलेलं नाही.

त्यांच्या हॉलमध्ये खिडकीशी ताईचं शिलाई मशीन होतं. तिथे बसून ती शेजारपाजाऱ्यांचे कपडे शिवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची. एकदा भावोजी त्यांच्या साहेबांच्या घरी जाऊन आले आणि तिथली समुद्री जीव पाळायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी त्यांच्या डोक्यात बसली. महिना उलटायच्या आत तसलीच टाकी खिडकीशी आली आणि मशीन आतल्या खोलीत कपाटामागे गेलं, कारखान्यातल्या नापास चादरीखाली. मी भांडले. ताई भांडली नाही. तेव्हापासून मी आले की भावोजी टीव्हीचा आवाज वाढवतात.

मशीनच्या बदल्यात भावोजींनी ताईला टाकीतलं एक कोरल दिलं. म्हणजे टाकीतून काढून नव्हे, नुसतं बोट दाखवून. "ती कोपऱ्यातली फांदी तुझी," म्हणाले. कोरल दिसतं झाडासारखं, पण असतो तो जीवच, आणि हा जीव ताईने जपला. बोटाएवढी फांदी वाढत वाढत चांगली परडीएवढी झाली, हिरवट तपकिरी, टोकांना निळी. त्या अख्ख्या हॉलमध्ये ताईचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

त्या फांद्यांच्या बेचक्यात एक खेकडा राहायचा, शर्टाच्या बटणाएवढा. ताई त्याला वॉचमन म्हणायची. एखादी गोगलगाय फांदीवर चढायला लागली की हा नांगी उगारून पुढे यायचा आणि तिला ढकलून द्यायचा. ताई हातातलं काम टाकून ते बघत बसायची. भावोजींचं मात्र त्याच्याशी कधीच जमलं नाही. टाकीची मांडणी सुधारताना त्यांनी ते कोरल हलवलं आणि वॉचमनने त्यांना चिमटा काढला. भावोजींना चिमटा काढणाऱ्याचे दिवस त्या घरात भरलेलेच असतात. मला विचारा.

टिकतात ते वाहवांसारखे. हे भावोजींचे टाकीवाले स्नेही. खरं नाव मला माहीत आहे, पण भावोजी शिंकले तरी हे 'वाहवा' म्हणतील, म्हणून मी त्यांना त्याच नावाने ओळखते. त्यांनी एक दिवस स्वतःच्या टाकीतला कोरलचा तुकडा भेट म्हणून आणला. नवीन तुकडा आला की तो आधी औषधाच्या पाण्यात बुडवायचा, मग काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून नजरेखाली ठेवायचा, हे या छंदातलं पहिलीचं पुस्तक. ताईने बादली आणलीसुद्धा.

"अगं, वाहवांच्या घरचं आहे ते," भावोजी म्हणाले, "बाजारातलं नाही. उगाच माणसाचा अपमान कशाला?"

तुकडा थेट टाकीत गेला, तोही ताईच्या कोरलला खेटून.

थोड्याच दिवसांत ताईचं कोरल फिकं पडायला लागलं. आधी बुडाकडे, मग वर. अंगावर गोल गोल पांढरे ठिपके, कुणीतरी चावे घेतल्यासारखे. भावोजींनी कारखान्यातलं भिंग आणलं आणि खुर्ची ओढून तपासणीला बसले. फांद्यांवर त्यांना काही दिसलं नाही. फांद्यांमध्ये दिसला खेकडा.

"सापडला चोर," ते म्हणाले.

"अहो, तो खात नाही. तो तर राखण करतो," ताई म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं? माझं कामच आहे हे."

लांब चिमट्याने त्यांनी त्याला ओढून काढला. तो सुटेना, तेव्हा जोर लावला आणि एक नांगी फांदीतच राहिली. बाकीचा वॉचमन वर्तमानपत्रावर ठेवला होता. मी पोचले तेव्हा तो अजून हलत होता, आणि भावोजी शेजारी चहा पीत होते. या माणसाचा राग मला नेहमीच येतो, पण त्या दिवशी मला त्यांची किळस आली.

खेकडा गेला आणि कोरलचा पांढरेपणा दुप्पट वेगाने वर चढला. पुढच्या रविवारी ताईने मला बोलावून घेतलं. भावोजी शेजारी नजर ठेवून उभे होतेच. ताईने औषधाची रिकामी पिचकारी टाकीच्या पाण्याने भरली आणि फांदीवर जोरात फवारा मारला. फांदीची साल सुटावी तसे पातळ पातळ तुकडे उडाले आणि पाण्यात वळवळायला लागले. चपटे किडे. रंग हुबेहूब कोरलचा. इतके दिवस ते भावोजींच्या भिंगाखाली आरामात जेवत होते, कारण ते बाकीच्यांसारखे दिसत होते.

मी तिथल्या तिथे वाहवांना फोन लावला.

"हो हो, तेच किडे," ते अगदी मोकळेपणाने म्हणाले. "माझी अशी सगळी कोरलं त्यांनीच खाल्ली. तेवढा एकच तुकडा वाचला होता, म्हटलं तुमच्याकडे तरी जगेल."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यांना कोण सांगणार? त्यांना सगळं माहीत असतं."

फोन स्पीकरवर होता. भावोजींनी टीव्ही लावला.

मग त्यांनी पुढाकार घेतला. कोरल दगडासकट काढून औषधात बुडवलं, किडे खाली पडले, आणि "माल पास" म्हणून ते परत टाकीत ठेवायला निघाले. ताईने दगड उलटा करून दाखवला. बुडाच्या मेलेल्या पांढऱ्या भागावर तपकिरी ठिपक्यांचे गठ्ठे चिकटले होते. अंडी. औषधाने किडा मरतो, अंडं मरत नाही. बूड तोडून टाकायला हवं आणि वरच्या फांद्या पुन्हा पुन्हा बुडवायला हव्यात.

"तोडायचं नाही," भावोजी म्हणाले. "टाकीचा सगळा तोल त्या कोपऱ्यावर आहे. साहेब येणार आहेत बघायला."

ताई आत गेली आणि कपाटामागून कात्री घेऊन आली, तिची कापड बेतायची मोठी कात्री. एकेक करून तिने सगळी जिवंत टोकं छाटली. दरवेळी कट्कन आवाज व्हायचा आणि भावोजी डोळे मिटायचे. उरलेलं बूड, अंड्यांसकट, तिने कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वाहवांचा तुकडाही त्यावरच गेला.

आता मशीन परत हॉलमध्ये आलंय आणि त्याच्या फळीवर ताईची छोटी टाकी आहे. दर आठवड्याला टोकं औषधात जातात, मग भिंगाखाली. भिंग कारखान्याला परत गेलेलं नाही. मोठ्या टाकीत तसलं कोरल सध्या घालायचंच नाही, म्हणजे उरलेसुरले किडे उपासाने मरतील, असं तिने बजावलंय. साहेब येऊन गेले. कोपरा रिकामा का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भावोजी म्हणाले, "तिथे मी राखणीला एक खेकडा ठेवला होता. फार कामाचा होता." मी ताईकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती.

परवा तिने दुसरा खेकडा आणला. टोकांना आता फाटे फुटलेत, त्यांच्यात तो जाऊन बसला. भावोजी आले, मान तिरकी करून बघितलं आणि त्यांना एक टोक किंचित वाकडं वाटलं. ते सरळ करायला त्यांनी बाह्या सारून हात घातला आणि लगेच कळवळून ओरडले.

"काढ याला," म्हणाले.

ताईने मशीन थांबवलं नाही.

"तो राहणार," ती म्हणाली. "तुम्ही हात काढा."