पाहुण्याचा इंग्रजी शब्द

विजयमालाबाईंना फार थोड्या गोष्टींचं कौतुक वाटे. भवानीनगरला उभी हयात त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवलं होतं. चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगलवाला चेहरा दिसला की त्या म्हणायच्या, "जन्माला येण्यापलीकडं ह्यानं केलंय काय?" बारामतीत फाडफाड इंग्रजीच्या क्लासचा बोर्ड दिसला, की आधी त्यावरच्या चुका काढायच्या आणि मग नाक मुरडायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ सावळाराम पणदऱ्याला ऊस आणि गाई सांभाळून होता. त्याच्या मुलीला, संस्कृतीला, पाहायला कळंबची मंडळी येणार म्हणून बाई आदल्या दिवशीच आल्या. मुलगा राजवर्धन मेलबर्नला नोकरीला.

"आक्का, आज जरा तोंड आवर. मोठी माणसं हायती," सावळाराम म्हणाला.

"मोठी गाडी हाय म्हण. माणसं बघू आल्यावर."

माणसं आली. आईवडील, राजवर्धन आणि त्याची बहीण वृषाली. चहा येईपर्यंत मेलबर्नचे रस्ते झाले, चहा आल्यावर मेलबर्नची कॉफी झाली. सावळाराम माना डोलावत होता. भावाची ती मान बघून बाईंना पाहुण्यांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

संस्कृती येऊन बसली. बारामतीच्या एका डेअरीच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. विचारलं तेवढ्याची तिनं सरळ उत्तरं दिली. राजवर्धन बहिणीकडं झुकला आणि हलकेच म्हणाला, "बिट अंडरव्हेल्मिंग, नो?" वृषाली तोंडावर रुमाल धरून हसली.

बाईंनी कप खाली ठेवला.

"सावळाराम, पाहुणे म्हणतायत, तुझ्या पोरीत बघण्यासारखं काही विशेष दिसलं नाही. काही छाप पडली नाही."

राजवर्धनचा चेहरा खर्रकन उतरला. "नाही हो काकू, मी आपलं सहज..."

"शब्द वापरलात, त्याचं कूळ ठाऊक आहे? व्हेल्म म्हणजे जुन्या इंग्रजीत पालथं घालणं. एखाद्या वस्तूवर भांडं पालथं घालावं, लाटेनं होडी पालथी करून बुडवावी, तसं. त्याला पुढं ओव्हर लावलं. माणूस एखाद्या गोष्टीनं पार भारावला, बुडाला, की ओव्हरव्हेल्म. गेल्या शतकात कुणीतरी गंमत म्हणून ओव्हर काढून अंडर चिकटवलं. म्हणजे हा शब्द मुळात थट्टेतला. पण थट्टा करायलासुद्धा अक्कल लागते. मघापासून ऐकतेय, रस्ते तिथले, कॉफी तिथली. तुमचं स्वतःचं काय ते अजून कळलं नाही."

"चला, उठा," मुलाचे वडील म्हणाले. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. गाडी धुरळा उडवत गेली.

"झालं तुझं समाधान?" सावळाराम ओरडला. "पोरीचं जमत आलेलं मोडलंस!"

"असलं जमण्यापेक्षा मोडलेलं बरं. तुला तर त्यांच्या गाडीचं दारसुद्धा पसंत होतं."

सावळाराम तरातरा गोठ्याकडं निघून गेला. बाई आत गेल्या. संस्कृती कप विसळत होती. शाबासकी मिळणार अशा थाटात बाई पाटावर बसल्या.

"बरं झालं की नाही ग?"

"आत्या, ते तो मला म्हणाला होता, तुला न्हाय," संस्कृती मागं न वळता म्हणाली. "मला काय इंग्रजी येत न्हाय? उत्तर ओठावर आलं होतं माझ्या. तू बोलूच दिलं न्हायस. त्यानं मला मोजलं, तू त्याला मोजलंस. मी तितंच बसले होते ना?"

पोरगी चुकतेय असं बाईंना म्हणवेना. त्यांनी फडकं घेतलं आणि कप पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी संस्कृतीनं बापाकडून नंबर घेऊन राजवर्धनला स्वतः फोन लावला. आत्या जे बोलली ते आत्याचं, पण नकार माझा आहे, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. सावळाराम दिवाळीपर्यंत बहिणीशी बोलला नाही. भाऊबीजेला बाईंनी ओवाळलं, तेव्हा मात्र त्यानं ताटात ओवाळणी टाकली.

राजवर्धनचं लग्न पुढं पुण्याच्या मुलीशी झालं. पत्रिका काही आली नाही. बातमी ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "कॉफी करता येते का म्हणावं तिला?"